आधी अर्थ सोड

कोल्हापूर

बाळा,

काल रात्री अक्काचा फोन आला होता. गॅलरीतून तिनं दाजींच्या गाडीच्या बॉनेटमधून धूर निघताना पाहिला. तू खाली धावलास आणि वर येऊन म्हणालास, "काही नाही, बॅटरीची तार खरचटलीय, टेप मारलीय, रविवारी नवी घालतो." भंगाराच्या गुजरीतून एक जुनी केबल आणून ठेवलीस, हेही तिनं सांगितलं. आणि बोलता बोलता म्हणाली की दोन्ही तारा काळ्याच आहेत. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणून मोकळा होतोस, म्हणून हे लिहितोय. कामाला बसण्याआधी नीट वाच.

रंगावर जाऊ नकोस. मागे कुणा मेस्त्रीला लाल केबल मिळाली नसेल, त्यानं हाताला आली ती काळी घातली असेल. बॅटरीवर खुंटीशेजारी अधिक-उणेची खूण कोरलेली असते, ती फडक्यानं पुसून बघ. मग प्रत्येक तार डोळ्यांनी दुसऱ्या टोकापर्यंत तपास. जी बॉडीला किंवा इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टानं बसली आहे ती अर्थ. जी सेल्फकडे उतरते ती पॉझिटिव्ह. तिच्यावर लाल टेपचा वेढा मार. जोडताना उलटसुलट झालं तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

सोडताना अर्थ आधी. जोडताना अर्थ शेवटी. का, तेही सांगतो, कारण नुसता नियम सांगितला तर तू विसरशील. गाडीची सगळी बॉडी अर्थच्या तारेनं बॅटरीला जोडलेली असते. ती तशीच ठेवून तू पॉझिटिव्हचा नट सोडायला गेलास आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, की बॅटरीचा सगळा करंट त्या पान्यातून जातो. पाना तिथेच चिकटतो, लाल होतो, हातातून सोडवत नाही. अर्थ आधी काढून बाजूला बांधलीस, तर पाना बॉडीला कुठेही टेकला तरी ठिणगी नाही. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. झटका नाही, भाजतं. दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअरच्या आसपास घेतात. सेल्फ मारताना लहान गाडीलाही दीडशे-दोनशे लागतात, आणि शॉर्ट झाला तर त्याहून कितीतरी जास्त.

आणि ती अंगठी. दाजींच्या मागे अक्कानं तुझ्या बोटात घातली ती. रविवारी काढून तिच्या हातात दे. सोन्यातून करंट फार सहज जातो. अंगठी खुंटी आणि बॉडीच्या मध्ये सापडली तर बोट हाडापर्यंत भाजतं. घड्याळही काढ.

आता टेपचं. इथे मला तुझा राग आलाय. इंजिनिअर झालास ना तू? सेल्फच्या त्या जाड तारेला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. एवढा करंट घ्यायचा म्हणून मध्ये काही ठेवतच नाहीत. तार बॉडीला घासून उघडी पडली तर बॅटरी संपेपर्यंत किंवा पेट घेईपर्यंत तिला थांबवणारं काही नाही. इंजिनाच्या उष्णतेनं टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते. त्या टेपच्या भरवशावर तू दोन दिवस कामावर गेलास, तेही बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या त्या गर्दीतून, बसस्टँडवरून! पत्र मिळाल्या मिळाल्या अर्थची तार सोडून ठेव आणि गाडी हलवू नकोस.

हे सगळं मी कुठे शिकलो ते तुला माहीत आहे. त्याच शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या मागच्या गल्लीत आमच्या उस्तादांचं गॅरेज होतं. मिसरूड फुटलेलं पोर मी, कानडी येत नव्हती, उर्दू कळायची तेवढी. उस्ताद दखनीत एकच घोकून घ्यायचे: "खोलते वख्त अर्थ पैले, जोड़ते वख्त अर्थ आखिर." लाल-काळं त्यांनी कधी सांगितलं नाही. तेव्हा रस्त्यावर उरलेल्या जुन्या विलायती मॉरिस गाड्यांत पॉझिटिव्हच बॉडीला जोडलेलं असायचं, त्यामुळे रंगावर आणि खुणेवर शिकलेला माणूस तिथे फसायचा. अर्थ आधी, हे मात्र दोन्हीकडे खरं.

त्यांचा उजवा डोळा त्यातच गेला होता, माझ्या येण्याच्या आधी. चार्जिंगवरून नुकतीच काढलेली बॅटरी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, हवेत शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीनं पेटतो. टर्मिनल लावताना ठिणगी उडाली, बॅटरीचं वरचं झाकण फुटलं, आतलं ॲसिड तोंडावर. डोळ्यांच्या मिंटो हॉस्पिटलात नेलं म्हणून दुसरा डोळा वाचला. म्हणून सांगतो, गाडी चालवून आल्या आल्या बॅटरीला हात लावू नकोस. बॉनेट उघडून अर्धा तास थांब. डोळ्यांवर गॉगल घाल, उन्हाचा नव्हे, कामाचा. शेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेव. डोळ्यात उडालंच तर पंधरा-वीस मिनिटं सतत धुवायचं आणि मग दवाखाना गाठायचा.

उस्तादांना मी तिथेच राहावं असं वाटत होतं. आर्मेचर भरायला शिकवतो म्हणाले होते. एसटीच्या वर्कशॉपचं बोलावणं आलं आणि मी गाडीत बसलो. सप्टेंबरात सेंट मेरीच्या रथाच्या दिवशी गॅरेज बंद ठेवून ते आम्हा पोरांना पोटभर जेवायला घालायचे, त्या दिवशी जाऊन भेटू, असं दरवर्षी म्हणायचो. पगार, लग्न, घर यांत ते राहिलंच. गेलो तेव्हा गॅरेजच्या जागी कापडाचं दुकान होतं. उस्तादांचं काय झालं, हे सांगणारंही कुणी नव्हतं. तुझ्या वयात वाटतं, माणसं कुठे जातात. असो.

गुजरीतली ती केबल घालू नकोस. बाहेरून ती चांगली दिसते, पण टर्मिनलच्या टोकानं ॲसिड आत चढतं आणि रबराखाली तांब्याची हिरवी भुकटी होते. वाकवून बघ, आत करकरलं तर ती गेली. जे. सी. रोडवर नवी मिळेल. तारेचं तांब्याचं पोट पंचवीस चौरस मिलिमीटर माग, जुनी त्याहून जाड असेल तर जुनीइतकी. बारीक तार घातली तर सेल्फ उन्हाळ्यातल्या नळासारखा करंटसाठी तडफडेल. टोक कानशीनं खरवडून बघ. वर तांबं आणि आत चंदेरी निघालं तर ते ॲल्युमिनियम आहे, घेऊ नकोस. तारेच्या टोकाचं थिंबळ दुकानातच मशिनवर दाबून घे. हातोडीनं ठोकायचं नाही, नुसतं डाग मारूनही भागवायचं नाही.

तार जुन्या वाटेनंच ने, सायलेन्सरच्या नळीपासून लांब, जुन्या क्लिपांमध्ये. इंजिन हलतं, म्हणून थोडी ढील ठेव. सेल्फचा नट खालून सोडावा लागला तर नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, स्टँड हवेत. झाल्यावर एकानं सेल्फ मारावा आणि तू मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या नटावर धर. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर जोड नीट बसलेला नाही.

रागावलो, ते मनात ठेवू नकोस. गाडी मेस्त्रीकडे का देत नाहीस, ते मला कळतं. दाजी दर रविवारी ती स्वतः पुसायचे, तुला बादली धरायला उभं करायचे, पण पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. तुझा हात त्या इंजिनाला लागावा असं तुला वाटतं ना? लागू दे. तुझ्या हाताला शिस्त आहे, लहानपणी माझ्या पेटीतले पाने तू नंबरवार लावून ठेवायचास. दाजी असते तर ओरडले असते आणि मग कामाच्या वेळी टॉर्च धरून उभे राहिले असते.

अक्कानं एक माणूस गमावलंय, बाळा. फोनवर ती गाडीबद्दल बोलत होती, पण आवाज गाडीसाठी कापत नव्हता.

म्हणून ऐक. हा रविवार जाऊ दे. पुढच्या शुक्रवारी मी मिरजेहून राणी चन्नम्मा पकडतो, शनिवारी सकाळी तिथे असेन. पाने घेऊन येतो. हात तुझाच लागेल, मी फक्त शेजारी उभा राहीन. तोपर्यंत अर्थ सोडून ठेव, बसनं कामावर जा. आणि अगदीच धीर निघाला नाही, तर बॉनेट उघडण्याआधी मला फोन कर, कितीही वाजता.

तुझा,
मामा