भांडे का कलंडते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक नवे कढले आले. वाटी पातळ पत्र्याची व लहान. दांडा मात्र जवळजवळ वीतभर लांब आणि भरीव लोखंडाचा. वाटीभर तेल घालून ते गॅसच्या शेगडीवर ठेविले, तेव्हा नीट उभे राहिले. सांडगी मिरची तळून झाली आणि आम्ही चमच्याने तेल काढून घेऊ लागलो. चार-पाच चमचे निघतात तोच कढले दांड्याच्या बाजूस, म्हणजे आमच्याच बाजूस, कलंडले व तापलेले तेल ओट्यावरून खाली ओघळले. घरातील चार वर्षांचे मूल त्याच जागेवरून नुकतेच उठून गेले होते. (तेल अंगावर सांडलेच, तर भाजलेली जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी, तूप किंवा शाई लावू नये.)

भरलेले भांडे उभे राहते आणि रिते होऊ लागताच पडते, हे कसे? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरफेचा जो नियम सिद्ध केला, त्यात याचे उत्तर आहे. वाटीचे वजन २०० ग्रॅम व बुडाची त्रिज्या ४ सेंटिमीटर समजू. दांड्याचे वजन १२० ग्रॅम, लांबी १६ सेंटिमीटर, व त्याचा मध्य वाटीच्या मध्यापासून १४ सेंटिमीटर दूर. भांडे पडते ते बुडाच्या कडेवरून. म्हणून अंतरे त्या कडेपासून मोजावी. दांड्याची ओढ १२० × १० = १२००. वाटीची उलट ओढ २०० × ४ = ८००. रिकामे कढले पडणारच! त्यात १०० ग्रॅम तेल घातले की ३०० × ४ = १२००, आणि काटा बरोबर होतो. यापुढे चमचाभर तेल अधिक असेल तर भांडे उभे, चमचाभर कमी झाले की आडवे. आमचे कढले तेलाच्या भरवशावर उभे होते, आणि तेच तेल आम्ही काढून घेत होतो.

हा हिशेब सपाट ओट्याचा झाला. शेगडीच्या जाळीवर बूड फक्त चार खुरांवर टेकते. दांडा खुराच्या नेमका वर असेल तर आधार पुरा ४ सेंटिमीटर मिळतो. दोन खुरांच्या मध्ये आला तर सुमारे २.८ च. मातीच्या तीन खुरांच्या चुलीवर तर तो निम्मा, म्हणजे २ सेंटिमीटर उरतो. यास्तव दांडा नेहमी खुराच्या रेषेत ठेवावा. मात्र तो ओट्याबाहेर डोकावू नये, कारण लहान मुलांचा हात प्रथम तेथेच जातो.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरात ही अडचण फारशी नव्हती. पितळेच्या पातेल्यास दांडाच नसे. सांडशी हाच त्याचा दांडा, आणि काम झाले की तो काढून बाजूस ठेवावयाचा. कढईस दोन कान, तेही समोरासमोर. गोल बुडाच्या मडक्यास चुंबळ. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील लहान होडीस बाजूला उलांडी बांधतात, तीही आधार रुंद करण्यासाठीच. पुढे अ‍ॅल्युमिनियम आले. ते पितळेच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच जड. भांडे हलके झाले आणि दांडे मात्र जाड राहिले. आम्हांस तर वाटते की असली भांडी घडविणाऱ्यांनी ती कधी रिकामी ठेवून पाहिलीच नसावीत.

विकत घेताना दुकानातच भांडे सपाट फळीवर रिकामे ठेवून हात सोडावा. डुलले तर परत द्यावे. दुकानदार हसला तरी हरकत नाही.

आमच्या कढल्याचा दांडा आम्ही लोहाराकडून ६ सेंटिमीटर कापून घेतला. आता दांडा ७५ ग्रॅमचा राहिला व त्याचा मध्य वाटीच्या मध्यापासून ११ सेंटिमीटरवर आला. ओट्यावर ते रिकामेही खुशाल उभे राहते. परंतु शेगडीवर दांडा दोन खुरांच्या मध्ये आला, तर रिकामे असता अजून कलंडते. ते का, आणि किती तेल घातले असता कलंडणार नाही, हे विद्यार्थ्यांनी वरील आकड्यांवरून काढावे.