फोल्डर उघडलं, पण कोणाकोणासाठी?

नाचणगावातल्या माझ्या दुकानात अर्ज भरणं, झेरॉक्स आणि थोडंफार डीटीपी चालतं. कापसाच्या हंगामात सातबारा, आधार, पासबुक यांच्या स्कॅनचा नुसता ढीग पडतो. सगळं जुन्या कॉम्प्युटरवरच्या एका शेअर केलेल्या फोल्डरात जातं आणि दुसऱ्या टेबलावरची पोरं तिथून उचलतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत अपडेट थांबले, म्हणून दुसऱ्या टेबलावर विंडोज ११ प्रोचं मशीन आणलं. त्यावरून फोल्डर काही उघडेना. तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न देता पाहुण्याला आत येता येणार नाही, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पडद्यावर. दोन टेबलं आणि एक झेरॉक्स मशीन, ही आमची संस्था!

समोर गिऱ्हाइकं खोळंबलेली. दुरुस्तीवाल्याने दोन्हीकडची फायरवॉल बंद केली, ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दिला, पाहुण्यांना अडवणारी सेटिंगही फिरवली. फोल्डर उघडलं. “झालं दादा,” म्हणून तो निघाला.

काही दिवसांनी एका पोराने जागा करायची म्हणून नव्या मशीनवरून जुनी वाटणारी फोल्डरं उडवली. त्यात चालू अर्जांचे कागद होते. दोन्ही मशीनचं रिसायकल बिन पाहिलं, रिकामं. नेटवर्कवरून डिलीट केलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्ये जातच नाही. लोकांना फोन करून पुन्हा कागद मागवावे लागले आणि त्यांची बोलणी खावी लागली, ती वेगळीच. शिवाय वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकांनाही माहीत. म्हणजे लॅपटॉप घेऊन बाकावर बसलेल्या कोणालाही गावाचे आधार बघता आले असते.

पडद्यावरच्या त्या इंग्रजी मजकुराचा अर्थ साधा होता. २०२४मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो बिनपासवर्डाच्या शेअरिंगला नकार देतं. बिघाड कुठेच नव्हता, नवं मशीन फक्त नाव विचारत होतं. उपायही तेवढाच. जुन्या मशीनवर नेहमीपेक्षा वेगळा एक युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या, ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू करा आणि फोल्डर त्या एकाच युजरला शेअर करा. नव्या मशीनने विचारलं की तेच नाव आणि पासवर्ड टाका. इथे बरेच जण पिन टाकून बसतात. पिन त्या-त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हापुन्हा विचारत असेल, तर बहुतेकदा विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनं नाव अडकलेलं असतं. ते काढून टाका.

मशीन ‘नेटवर्क पाथ’ सापडत नाही असं म्हणत असेल आणि एरर कोडच्या शेवटी ८००७००३५ असेल, तर पासवर्डाच्या मागे लागू नका. तुमचं मशीन बहुधा तिथवर पोचलेलंच नाही. पलीकडचं झोपलं आहे का बघा. दोन्ही एकाच वायफायवर आहेत का बघा. नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. आपल्याकडे लाईट जाऊन आली की राऊटर कधीकधी नवा आयपी देतो आणि जुना शॉर्टकट बंद पडतो, म्हणून शॉर्टकट कॉम्प्युटरच्या नावाने करा.

‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर ओळख पटली आहे, परवानगी अडली आहे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग आणि सिक्युरिटी अशा दोन जागी परवानग्या असतात आणि त्यांतली जी कडक, ती लागू होते.

जुना स्कॅनर चालावा म्हणून कोणी एसएमबी वन हे शेअरिंगचं जुनं तंत्र सुरू करायला सांगेल. ऐकू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच्यातल्या भोकातूनच जगभर पसरला आणि त्याच वर्षीपासून मायक्रोसॉफ्टने ते नव्या विंडोजमध्ये आपणहून बसवणं बंद केलं.

आता पोरांना स्कॅनचं फोल्डर फक्त वाचता येतं. भरलेले अर्ज टाकायला वेगळं आहे. रोज संध्याकाळी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो आणि डिस्क काढून ठेवतो.

तुमच्याही दुकानात लोकांचे कागद असतील तर आजच शेअरिंग उघडून बघा. यादीत ‘एव्हरीवन’ दिसलं तर आधी ते काढा, गिऱ्हाईक थोडं थांबेल.