जुळणीच्या आराखड्यातील पुनरावृत्त भाग

बेळगावातील उद्यमबाग हा ओतकाम, यंत्रकाम व हायड्रॉलिक सामग्रीच्या कारखान्यांचा परिसर होय. अशा यंत्रांच्या संगणकीय, म्हणजे कॅड आराखड्यात एकच बोल्ट अनेक ठिकाणी येतो. तो प्रत्येक ठिकाणी हाताने बसविणे श्रमाचे तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे.

१२ भोकांचा फ्लँज घ्यावा. प्रत्येक भोकास एक बोल्ट, दोन वॉशर व एक नट, असे ४८ भाग होतात. प्रत्येक भागास मध्यरेषा व पृष्ठभाग जुळविण्याची दोन बंधने धरली, तर एकूण ९६ बंधने द्यावी लागतात. त्याऐवजी पहिल्या भोकात चार भाग आठ बंधनांनी बसवावेत आणि भोकांच्या पॅटर्नप्रमाणे त्यांची पुनरावृत्ती करण्याची आज्ञा द्यावी. पुढे भोके १६ झाली, तर बोल्टही १६ होतात व सामानाची यादीही बदलते. हाताने केलेल्या जुळणीत मात्र चार भोके रिकामी राहतात, यादी १२ बोल्टच दाखविते, आणि चूक उघडकीस येते ती प्रत्यक्ष यंत्र जोडताना.

मात्र पुनरावृत्तीची संख्या स्वतंत्रपणे लिहू नये. ती फ्लँजच्या भोकांशीच निगडित ठेवावी. भोकेच सुटी सुटी काढलेली असतील, तर प्रथम फ्लँजचा आराखडा दुरुस्त करून घ्यावा.