चरबी भरलेल्या जागी गाठ लागली तेव्हा

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन उरकल्यावर माझ्या डाव्या स्तनात वरच्या बाजूला खड्डा राहिला होता. पोटाची चरबी काढून तो भरला. गुंगी उतरल्यावर स्तनापेक्षा पोटच जास्त ठणकत होतं, काळंनिळं पडलं होतं. ते आधी सांगितलेलं होतं, म्हणून घाबरले नाही. काही महिन्यांनी मात्र आंघोळ करताना त्याच जागी टणक गाठ हाताला लागली.

कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला गाठीचा एकच अर्थ ठाऊक असतो. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला घास गोड लागला नाही. रिपोर्ट आला : फॅट नेक्रोसिस. भरलेल्या चरबीतला काही भाग मेला होता, कॅन्सर नव्हता. आमच्या कॅन्सरच्या डॉक्टर म्हणाल्या, ‘‘ताई, अशी गाठ होऊ शकते हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?’’ नव्हतं. संमतीपत्रावर ‘गुंतागुंत संभवते’ एवढं छापील वाक्य होतं. कोणती, केव्हा, ओळखायची कशी, यातलं काही नाही. दुसऱ्या कुणी बाईने ते दिवस विनाकारण काढू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

काढलेल्या चरबीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी सुरुवातीचे दिवस ती शेजारून झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर तग धरते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. रोपाची मुळं मातीला भिडावी लागतात, तसा चरबीचा कण न् कण जिवंत भागाला भिडावा लागतो. म्हणून ती बारीक नळीने, थोडी थोडी, वेगवेगळ्या थरांत सोडतात. एका जागी गोळा झाला की मधली चरबी मरते. तिचं तेल होतं, भोवती कवच धरतं, पुढे त्यात कॅल्शियम साचतं. मॅमोग्राफीत ते कधीकधी कॅन्सरसारखं दिसू शकतं. याच भीतीने अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७मध्ये स्तनात चरबी भरण्याला विरोध केला होता. २००९मध्ये तिच्याच अभ्यासगटाने तो मागे घेतला. अनुभवी रेडिओलॉजिस्टला बहुतेक वेळा फरक कळतो, पण त्यासाठी जुन्या फिल्म समोर हव्यात आणि तिथे चरबी भरली आहे हे माहीत हवं.

तेव्हा शस्त्रक्रियेआधी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून ठेवा. कोणत्या तारखेला, कुठून काढून, कुठे, किती मिलिलिटर चरबी भरली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला ते कार्ड न्या. तरीही नवी गाठ लागली तर ‘चरबीचीच असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांचा. चरबी भरल्याने कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढल्याचं आजवरच्या बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांची संमती घेतल्याशिवाय पाऊल उचलू नका.

भरलेली सगळी चरबी टिकत नाही. रेडिएशन झालेल्या जागी रक्तपुरवठा आधीच कमी, तिथे तर आणखी विरते. खरा आकार काही महिन्यांनी कळतो आणि पुष्कळदा दुसरी खेप लागते. तिचा खर्च आधीच विचारा.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास सुटते. डॉक्टर विचारतात, ‘‘सिगारेट ओढता का?’’ बाई ‘नाही’ म्हणते, आणि घरी रोज मिश्री लावते. मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि चरबी रुजत नाही. हे विचारायची वाट पाहू नका, आपणहून सांगा.

चेहऱ्यावर आणि नितंबांत चरबी भरण्याचे धोके याहून मोठे आहेत. भुवयांच्या मधल्या भागात किंवा नाकाजवळ ती रक्तवाहिनीत गेली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. नितंबांच्या स्नायूंत मोठ्या शिरा असतात; तिथून चरबी फुप्फुसांत पोहोचून माणसं दगावली आहेत. म्हणूनच २०१८मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून बजावलं, की नितंबांत चरबी फक्त त्वचेखाली भरावी, स्नायूत कधीही नाही. ब्यूटी पार्लरला जोडलेल्या खोलीत हे करून घेऊ नका. सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी पाहा, भूलतज्ज्ञ कोण आणि आयसीयू कुठे, हे विचारा. या प्रश्नांचा राग येणाऱ्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रिया करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी आल्यावर ताप, वाढत जाणारी लाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दम लागला, छातीत दुखलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा एका पोटरीला सूज आली, तर क्लिनिक उघडण्याची वाट न पाहता सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि चरबीची शस्त्रक्रिया झाली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.