दूध पिऊनही बाळ रडतंय? आधी लंगोट मोजा

“मॅडम, हिला अंगावर दूधच न्हाई. पाजलं की दोन मिनटांत लेकरू पुन्हा रडतंय.”

भोरच्या दवाखान्यात हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं. बोलणारी बहुधा आजी असते. बाळाची आई शेजारी मान खाली घालून बसलेली असते आणि पिशवीतून दुधाची बाटली डोकावत असते. म्हणजे वरचं दूध आधीच सुरू झालेलं असतं. आजीला माझ्याकडून हवं असतं ते इतकंच, की पावडरीचा डबा कोणता आणू.

तेव्हा आज या एकाच गैरसमजाबद्दल लिहिते. दूध पिऊन झाल्यावर बाळ रडलं, यावरून आईचं दूध पुरत नाही असं ठरवून टाकू नका. बाळ ढेकर अडकली तरी रडतं, लंगोट ओला झाला तरी रडतं, तीन दुपट्यांत गुंडाळून उकडायला लागलं तरी रडतं, झोप आली आणि लागेना म्हणूनही रडतं. ओठाला बोट लावलं की ते चोखायला लागतं हे खरं, पण पोट भरलेलं बाळही बोट चोखतं. त्या चोखण्याला भूक समजून बाटली तोंडात जाते आणि खरी अडचण तिथून सुरू होते. बाळ जितकं ओढतं तितकं आईच्या अंगात दूध तयार होतं. बाटलीनं पोट भरलेलं बाळ अंगावर कमी पितं, आठवडाभरात दूध खरोखरच आटायला लागतं आणि मग आजी म्हणतात, “बघा, मी म्हणत नव्हते?”

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून कळत नाही. ते लघवीवरून आणि वजनावरून कळतं. पहिला आठवडा उलटल्यावर फक्त अंगावर पिणारं बाळ चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी करत असेल आणि लघवी फिकट असेल, तर दूध पोटात जातंय. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, घाबरू नका. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. वजन करायला पुण्याला जावं लागत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं उभी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ती आली. इतकी चांगली सोय दारात येते आणि आपल्याकडे काही घरांत “काट्यात घातलं की नजर लागते” म्हणून वजनच करू देत नाहीत. कृपा करून हे थांबवा. माता-बाल कार्डावरचे वजनाचे आकडे मला बाळाबद्दल जितकं सांगतात तितकं घरातली दहा माणसं मिळून सांगू शकत नाहीत.

वेल्ह्याकडची एक पहिलटकरीण माहेरी बाळंत झाली होती. बाळ पाच आठवड्यांचं. तक्रार तीच: रातभर किरकिर, पाजलं की अंग ताठ करतं, दूध वर काढतं. गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून दिवसातून दोनदा चमच्यानं पाजणं सुरू झालं होतं. कार्ड उघडलं, तर जन्माचं वजन २ किलो ७०० ग्रॅम आणि त्या दिवशीचं ३ किलो ७०० ग्रॅम. पाच आठवड्यांत किलोभर वाढलेल्या बाळाला दूध पुरत नाही, असं कोण म्हणेल? मी त्या मुलीला म्हटलं, “आता इथंच पाज, मला बघू दे.” बाळ चोखत होतं तेव्हा गालाला खळ्या पडत होत्या आणि टक् टक् आवाज येत होता. स्तनाग्र तोंडातून बाहेर आलं ते एका बाजूनं चेपलेलं आणि पांढरं पडलेलं. म्हणजे बाळ फक्त टोक चावत होतं. दुधाबरोबर हवा गिळत होतं, दमून सोडून देत होतं, पोट फुगलं की रडत होतं. आणि आई प्रत्येक वेळी कळ सोसत, दात ओठांवर रोवून पाजत होती. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पाजताना दुखतंच असं तिला घरी सांगितलं होतं.

पाजताना दुखत राहणं हे बाळानं नीट न धरल्याचं लक्षण आहे. सुरुवातीच्या दोन-चार दिवसांपुरतं हुळहुळणं वेगळं. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं हवं, मान वळलेली नको. जांभई देताना उघडतं तितकं तोंड उघडेपर्यंत थांबा, मग हनुवटी आधी टेकवून बाळाला स्तनाकडे आणा. स्तन बाळाच्या तोंडात कोंबू नका. खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे आणि स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाचा खालचा बहुतेक हिस्सा तोंडात गेला पाहिजे. मग टक् टक् थांबतं आणि गिळण्याचा आवाज येतो. मोबाइलवर बघायचंच असेल, तर आयआयटी मुंबईच्या डॉ. रूपल दलाल यांनी तयार केलेले ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’चे व्हिडिओ मराठीतून आहेत, ते बघा. आणखी एक चूक म्हणजे घड्याळ लावून पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे असं पाजणं. सुरुवातीचं दूध पातळ आणि साखरेचं, शेवटचं घट्ट आणि स्निग्ध असतं. एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या. नाहीतर बाळाला पातळ दूधच जास्त मिळतं, पोटात वायू धरतो आणि शी हिरवट, फेसाळ होते.

दूध वर काढण्याची भीती तर घराघरात आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप लहान बाळात सैल असते. त्यामुळे पाजल्यावर ढेकरेबरोबर तोंडातून दूध ओघळणं हे बहुतेक बाळांत चालतं, चौथ्या महिन्याच्या सुमाराला सगळ्यांत जास्त दिसतं आणि वर्षाच्या आत आपोआप थांबतं. बाळ खेळतंय, वजन वाढतंय, तर त्यावर औषध नको. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पंधरा-वीस मिनिटं उभं धरा. लगेच झोळीत घालू नका. झोळीत बाळाचं अंग मुडपतं, पोटावर दाब येतो आणि दूध वर येतं. लंगोटाची गाठही सैल ठेवा. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट अंथरुणावर.

आता संध्याकाळचं रडणं. दिवसभर छान असलेलं बाळ दिवेलागणीला रडायला लागतं, मुठी आवळतं, पाय पोटाशी घेतं, चेहरा लाल होतो. याला आम्ही कोलिक म्हणतो. १९५४ साली वेसल नावाच्या डॉक्टरांनी त्याची खूण सांगितली: दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा जास्त, तीन आठवड्यांपेक्षा जास्त. हे रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. ते नेमकं कशामुळे होतं याचं एकच उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही, पण त्यानं बाळाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते रात्र-रात्र जागणाऱ्या आईचं. बापानं, आजोबांनी तासभर बाळ छातीशी धरून अंगणात फिरवावं. आईला झोपू द्यावं. कितीही वैताग आला तरी बाळाला गदागदा हलवू नका, मेंदूत रक्तस्राव होतो. सहन होईना तर बाळाला सुरक्षित जागी झोपवा आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन या.

आईच्या ताटाचा छळही थांबवा. वांगं नको, पावटा नको, हरभऱ्याची डाळ नको, भात नको, असं करत करत बाळंतीण नुसत्या भाकरीवर येते. आईच्या पोटातला वात दुधातून बाळाच्या पोटात जात नाही. तिला पोटभर जेवू द्या. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा शेम दिसत असेल किंवा अंगावर पुरळ असेल, तरच गाईच्या दुधाच्या ॲलर्जीचा विचार करावा लागतो. तेव्हा आईनं दूध-दही काही आठवडे बंद करायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. शेजारीण ठरवणार नाही.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते सांगते. मेडिकलच्या दुकानातून “पोटात दुखतंय, थेंब द्या” म्हणून डायसायक्लोमिनचे थेंब आणले जातात. सहा महिन्यांखालच्या बाळाला हे औषध देऊच नये. ते दिल्यावर बाळांचे श्वास थांबल्याच्या नोंदी आहेत. सर्दीची झोप आणणारी औषधं “रात्री शांत राहावं” म्हणून देणं हाही तसलाच जीवघेणा खेळ आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका बाळाला अफू घातलेली बाळागोळी देऊन जात. त्या बायकांपुढे दुसरा मार्ग नव्हता, तुमच्यापुढे आहे.

गुटीबद्दल आज्या माझ्यावर रागावतात, तरी सांगते. जायफळाचे वेढे वाढले की बाळ झोपतं, पण ती झोप नसते, गुंगी असते. वेखंड जास्त गेलं की उलट्या होतात. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब ठरलेले. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटाच्या टोकावरही नको. त्यातल्या जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला विल्यम वुडवर्ड यांनी बनवलं, तेव्हा त्यात शेपाच्या तेलाबरोबर अल्कोहोलही होतं. आज अल्कोहोल नसतं, पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही, मग हे कशाला? आणि पोटावर बिब्ब्याचे ठिपके उठवणारे, तापलेल्या सळईचे चटके देणारे जे कुणी आहेत, त्यांच्या दारात बाळ नेऊ नका. त्या भाजलेल्या कातडीतून जंतू रक्तात जातात आणि दुखण्याचं मूळ कारण आत तसंच वाढत राहतं.

इतका वेळ घाबरू नका म्हणत आले. आता जिथं घाबरायलाच हवं तिथं या.

उलटी हिरवी झाली, अगदी एकदाच झाली, तरी तासभरही थांबू नका. दूध फाटून पांढरं, दह्यासारखं येणं चालतं. हिरवा रंग पित्ताचा असतो आणि आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असते. काही तासांत आतडं काळं पडू शकतं. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची प्रत्येक पाजल्यानंतरची उलटी जोरानं दूर उडत असेल आणि उलटी झाल्याबरोबर बाळ पुन्हा भुकेलं होत असेल, तर जठराचं तोंड जाड होऊन बंद होत असण्याची शक्यता असते. मुलग्यांत, त्यातही पहिल्या मुलग्यात हे जास्त दिसतं. एका छोट्या शस्त्रक्रियेनं बाळ पूर्ण बरं होतं, पण वजन ढासळायच्या आधी आणलं तर. शीमध्ये रक्त, पोट टम्म फुगून कडक होणं, जांघेत गाठ येणं, टाळू फुगणं किंवा खोल जाणं, सहा-आठ तास लघवी न होणं, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा: यातलं काहीही चालवून घेऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा पिताना कपाळाला घाम फुटून दर दोन घोटांनी दमत असेल, तर छाती आणि हृदय तपासायलाच हवं. आणि सगळ्यांत फसवं लक्षण म्हणजे रडणारं बाळ एकाएकी गप्प, मलूल होणं, दूध ओढेनासं होणं. “आज शांत झोपलंय” म्हणून घरातले खूश होतात आणि मौल्यवान वेळ जातो.

एक तपासणी घरीच करा. बाळ कशानंच थांबत नसेल, तर सगळे कपडे काढून पायाची आणि हाताची बोटं एकेक करून बघा. आईचा गळलेला केस बोटाला गुंडाळून बोट सुजलेलं असू शकतं.

हिरडस मावळातून किंवा केळद-पासलीकडून पावसाळ्यात निघायचं तर रस्त्यावर किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणू नका. १०८ ला फोन करा. वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, भोरचं उपजिल्हा रुग्णालय, पुढे पुण्याचं ससून. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाची सरकारी दवाखान्यातली ने-आण आणि उपचार जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहेत, गाडीभाड्याच्या विचारात रात्र काढू नका.

माझ्याकडे किंवा कुठल्याही डॉक्टरकडे येताना माता-बाल कार्ड आणा. उलटीचा रंग वेगळा वाटला असेल तर तो कपडा न धुता पिशवीत घालून आणा. घरात दिलेल्या गुटीची पुरचुंडी, थेंबांच्या बाटल्या, डबा, सगळं आणा; मी रागावेन म्हणून लपवू नका, काय पोटात गेलंय हे कळलं नाही तर उपचार चुकतात. आणि तब्येत बरी असून केवळ किरकिरीसाठी येत असाल, तर निघताना पाजू नका. इथं आल्यावर माझ्यासमोर पाजा.