आरोग्य विम्यात काय बदललं?

मैत्रिणींनो, घराचा स्वतंत्र आरोग्य विमा काढला असेल, तर पुढचा हप्ता भरण्याआधी एवढं समजून घ्या.

१. शुगर, बीपी असे आधीपासूनचे आजार : खर्च मिळायला जास्तीत जास्त ४ वर्षं थांबावं लागे. एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा ३ वर्षं आहे.

२. पॉलिसी हाती आल्यावर नीट वाचा. पटली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते.

३. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावर १८ टक्के जीएसटी नाही. पावती तपासा.

४. विमा सलग ५ वर्षं चालला, की ‘आजार लपवला’ म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र नाकारता येतो.

म्हणून एजंट म्हणाला, “शुगर लिहू नका,” तरी ऐकायचं नाही. फॉर्म वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही. वर्षाचा हप्ता चुकला, तर ३० दिवसांच्या आत भरा. नाहीतर मोजलेली वर्षं वाया जातील.

गटात सोडवा : एका ताईंनी मे २०२५ मध्ये शुगर लिहून पॉलिसी घेतली. शुगरच्या उपचाराचा खर्च उशिरात उशिरा कधीपासून मिळेल?
(उत्तर : मे २०२८)

पुढच्या बैठकीला आपली पॉलिसी घेऊन या. मिळून वाचू.