पाठीतले पाणी आणि तपासणीची बाटली



धामणकर नाक्याच्या परिसरात यंत्रमागावर राबणारी अनेक कुटुंबे एकाच खोलीत दाटीने राहतात. अशा ठिकाणी क्षयरोग लवकर पसरतो. हा रोग फुफ्फुसापुरता राहतोच असे नाही. तो मेंदूच्या आवरणाला झाला की थुंकी तपासून भागत नाही, पाठीतले पाणी काढावे लागते.

एवढे ऐकले की घरची मंडळी हबकतात. माणूस पांगळा होईल, ही भीती घरोघर आहे. परंतु मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात. ही पद्धत जर्मन डॉक्टर क्विन्के यांनी १८९१ साली मांडली. हे पाणी शरीरात सुमारे १५० मिलिलिटर असते आणि रोज ५०० मिलिलिटरच्या आसपास नवे तयार होते. काढलेले थोडेसे पाणी लवकरच भरून येते. काहींचे डोके मात्र दोन-चार दिवस दुखते, हेही खरे.

तोंडात जंतू असतातच, पण निरोगी माणसाच्या या पाण्यात एकही नसतो. म्हणून त्यात जो जंतू सापडेल त्याला महत्त्व येते, आणि बाहेरचा जंतू शिरला तर निदानच चुकते. उकळून घेतलेली औषधाची जुनी बाटली स्वच्छ दिसेल, पण ती निर्जंतुक नव्हे. दवाखान्याने दिलेली नळीच वापरावी, तिचे झाकण उघडून पाहू नये. पाणी सहसा तीन नळ्यांत घेतात : एक साखर व प्रथिनांसाठी, एक जंतूंसाठी, एक पेशी मोजण्यासाठी. साखरेची तुलना करण्यासाठी रक्तही त्याच सुमारास घेतात.

नळी पुष्कळदा नातेवाइकाच्याच हाती दिली जाते. तेव्हा वाटेत चहाला थांबू नये! पांढऱ्या पेशी तासाभरात फुटू लागतात. कल्चरची नळी फ्रिजमध्ये ठेवू नये. मेंदूज्वराचे काही जंतू थंडीने मरतात. छातीतल्या पाण्यात गुठळ्या होतात, म्हणून त्याचा काही भाग गोठू न देणाऱ्या औषधाच्या नळीत घेतात. नळीवर नाव, पाण्याचा प्रकार आणि काढल्याची वेळ लिहिलेली आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे.

क्षयाच्या कल्चरला काही आठवडे लागतात. जीन-एक्सपर्ट यंत्र दोनेक तासांत उत्तर देते. पण या पाण्यात क्षयाचे जंतू फार थोडे असतात, त्यामुळे उत्तर 'नाही' आले तरी रोग नाहीच असे ठरत नाही. डॉक्टर औषध सुरू करून पुन्हा पाणी काढायला सांगू शकतात.